डॉलर किती आणि वर्षं किती?

माझा भाऊ न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सला राहतो. त्याच्याकडे गेलं की एक फेरी ठरलेली असते. सात नंबरची गाडी पकडायची, शेवटच्या स्टेशनला म्हणजे फ्लशिंगला उतरायचं, बाउन स्ट्रीटवरच्या गणपतीच्या देवळात दर्शन घ्यायचं आणि मग तिथल्याच कँटीनमध्ये डोसा खायचा. फ्लशिंगच्या आधीचं स्टेशन ‘मेट्स-विलेट्स पॉइंट’. इथे गाडी उंचावरून धावते आणि खिडकीतून न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचं मैदान दिसतं, सिटी फील्ड. उन्हाळ्यात या स्टेशनवर गाडी रिकामी होते. डिसेंबरात तिथे फार कोणी उतरत नाही.

२०२५च्या डिसेंबरात आम्ही असेच निघालो होतो. माझ्या अकरा वर्षांच्या भाच्यानं जाड स्वेटरवर मेट्सचा वीस नंबरचा शर्ट चढवला होता. मैदान आलं तेव्हा त्यानं तिकडे पाहिलंच नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “आत्या, आपल्या मालकाकडे एवढे पैसे आहेत. मग पीटला का जाऊ दिलं?”

वीस नंबरचा शर्ट पीट अलोन्सोचा. २०१९ साली पहिल्याच हंगामात त्यानं ५३ होमरन मारले. पदार्पणाच्या वर्षात इतके त्याआधी कोणीही मारले नव्हते. (होमरन म्हणजे आपला षटकार समजा, फक्त त्याहून दुर्मीळ.) २०२५ संपेपर्यंत त्याच्या नावावर २६४ होमरन होते, मेट्सच्या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त. शेवटची दोन वर्षं तो १६२ पैकी एकाही सामन्याला गैरहजर नव्हता. आणि या डिसेंबरात तो बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाकडे निघून गेला. पाच वर्षं, १५ कोटी ५० लाख डॉलर.

मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन हे खेळातल्या सर्वांत श्रीमंत मालकांपैकी एक. २०२० साली त्यांनी सुमारे २४० कोटी डॉलरना हा संघ घेतला. वर्षभरापूर्वी याच संघानं हुआन सोटो या एका खेळाडूशी ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला होता. मग १५ कोटींवर हात का आखडला? भाच्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्या हिवाळ्यात मेट्सचे लाखो चाहते हाच प्रश्न विचारत होते. तेव्हा मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

शेकोटीभोवतीचा खेळ

बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. जवळजवळ रोज एक. मग बाद फेरी, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळं शांत होतं. पण चाहत्यांचं बोलणं शांत होत नाही. कोण जाणार, कोण येणार, कोणासाठी किती मोजायचे यावर पुढचे तीन-साडेतीन महिने वाद चालतो. या काळाला अमेरिकेत ‘हॉट स्टोव्ह’ म्हणजे तापलेली शेगडी म्हणतात. पूर्वी गावातल्या दुकानात थंडीच्या दिवसांत लोक शेगडीभोवती बसून याच गप्पा मारत, त्यावरून हे नाव पडलं.

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. तिथे प्रत्येक संघाच्या थैलीत ठरावीक रक्कम असते. २०२५च्या मोठ्या लिलावात ती १२० कोटी रुपये होती, आणि त्यापलीकडे कोणालाच जाता येत नव्हतं. खेळाडूला कोणत्या गावी जायचं ते निवडता येत नाही. हातोडा ज्याच्या नावावर पडला तो त्याचा संघ.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये यातलं काहीच नाही. लिलाव नाही, हातोडा नाही, थैलीला बांधलेली दोरीही नाही. मुक्त झालेला खेळाडू तीसपैकी कोणत्याही संघाशी बोलू शकतो, आणि श्रीमंत संघ कितीही खर्च करू शकतो. त्यामुळे एखादा मालक हात आखडतो तेव्हा पैसे नव्हते हे कारण चाहत्यांना पटत नाही. कारण दुसरीकडेच असतं. ते समजायचं तर खेळाडू मुक्त होतो म्हणजे काय, आणि कधी होतो, इथून सुरुवात करावी लागते.

पाडवा नसलेला सालगडी

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सालगड्याची पद्धत ठाऊक आहे. पाडव्याला वर्षाचा व्यवहार ठरतो. धान्य किती, रोख किती. वर्ष संपलं की गडी त्याच घरी राहतो किंवा दुसरं घर धरतो. व्यवहार कितीही विषम असला तरी वर्षातून एक दिवस तरी त्याला दार उघडं असतं.

जवळजवळ शतकभर बेसबॉलच्या खेळाडूला तो एक दिवसही नव्हता. त्याच्या करारात एक कलम असे. वर्ष संपल्यावर संघ तोच करार स्वतःच्या मर्जीनं आणखी एक वर्ष वाढवू शकत असे. संघांनी त्याचा अर्थ असा लावला की वाढवलेल्या करारातही हे कलम आलंच, म्हणून तो पुन्हा वाढवता येतो, आणि पुन्हा, आणि पुन्हा. म्हणजे पहिल्या सहीनंतर खेळाडू जन्मभर त्या संघाचा. संघ त्याला विकू शकतो, बदलू शकतो, काढून टाकू शकतो. तो मात्र स्वतःहून कुठेही जाऊ शकत नाही.

१९६९ साली सेंट लुईस कार्डिनल्स संघानं कर्ट फ्लड या उत्तम क्षेत्ररक्षकाला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. फ्लड गेला नाही. मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही, अशा अर्थाचं पत्र त्यानं बेसबॉलच्या आयुक्तांना लिहिलं आणि कोर्टाची पायरी चढला. १९७०चा सगळा हंगाम तो खेळला नाही. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला, आणि तोवर त्याचं खेळाडू म्हणून आयुष्य संपलं होतं. आजच्या प्रत्येक कोटींच्या कराराखाली या माणसाच्या वाया गेलेल्या वर्षांचा पाया आहे, आणि त्याचं नाव घेतल्याशिवाय हा विषय सांगू नये असं मला वाटतं.

दार उघडलं ते तीन वर्षांनी. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरनी १९७५ साली नव्या करारावर सहीच केली नाही. (पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आपल्या गोलंदाजासारखा.) वर्ष संपल्यावर ते म्हणाले, करार एकदा वाढवलात, तो आता संपला. डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. शतकभराची पद्धत एका निकालात मोडली.

आता सगळेच खेळाडू दरवर्षी मुक्त व्हावेत, असं खेळाडूंच्या संघटनेला वाटलं असेल ना? नाही. इथे संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांची हुशारी दिसते. लासलगावच्या बाजारात एकाच दिवशी सगळा कांदा आला तर भावाचं काय होतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले तर पगार पडतील, हे मिलरनी ओळखलं. ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली तर ‘सगळ्यांनाच मुक्त करा’ असं म्हणतच होते, आणि बाकीचे मालक आपलं ऐकतील की काय हीच मिलरना भीती होती. मालकांना खेळाडू जास्तीत जास्त काळ धरून ठेवायचे होते. १९७६ साली तडजोड झाली: सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मुक्त. आवक मोजकी राहिली, भाव चढे राहिले. हा सहाचा आकडा आजही तसाच आहे.

स्वस्त वर्षं आणि महाग वर्षं

या सहा वर्षांची रचना पाहिली की बेसबॉलच्या हिशेबातली सर्वांत विचित्र गोष्ट दिसते. खेळाडू जेव्हा सर्वोत्तम असतो तेव्हा तो बहुधा स्वस्त असतो, आणि महाग होतो तेव्हा बहुधा उताराला लागलेला असतो.

पहिली तीन वर्षं संघ देईल तो पगार घ्यावा लागतो, आणि तो बहुतेकदा किमान पगाराच्या आसपास असतो. २०२५ साली किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. आपल्या नजरेला तो प्रचंड, पण या बाजारात किरकोळ. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स २०२५ साली नॅशनल लीग या गटातला सर्वोत्तम पिचर ठरला, एकमतानं. त्याचा त्या वर्षीचा पगार होता ८ लाख ७५ हजार डॉलर. दोनच वर्षांपूर्वी मेट्सनं चाळिशीतल्या जस्टिन व्हरलँडरला वर्षाला ४ कोटी ३३ लाख कबूल केले होते, स्कीन्सच्या जवळपास पन्नासपट.

पुढची तीन वर्षं लवादाची. इथला नियम मला फार सुंदर वाटतो. पगारावर एकमत झालं नाही तर दोन्ही बाजू आपापला एक आकडा लवादापुढे ठेवतात, आणि लवादाला त्या दोनपैकी एकच उचलावा लागतो. मधला काढता येत नाही. आपल्याकडे भांडण मिटवणारा मध्यस्थ दोन आकड्यांच्या अध्येमध्ये कुठेतरी थांबतो, म्हणून प्रत्येक जण मुद्दाम ताणून मागतो. इथे ताणलं की हरण्याचीच शक्यता वाढते. त्यामुळे दोघेही आपोआप वाजवी आकड्याकडे सरकतात, आणि बरीच प्रकरणं सुनावणीच्या आधीच मिटतात.

सहा वर्षं मोजतात कशी, यावरही वाद होतात. हंगाम साधारण १८६ दिवसांचा, आणि १७२ दिवस संघात असलं की एक वर्ष भरतं. २०१५ साली शिकागो कब्ज संघानं क्रिस ब्रायंट या तयार खेळाडूला सुरुवातीचे काही दिवस खालच्या लीगमध्ये ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी, म्हणून ते वर्ष धरलं गेलं नाही, आणि तो एक वर्ष उशिरा मुक्त झाला. त्यानं तक्रार केली, ती फेटाळली गेली. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२च्या करारानं ही पळवाट थोडी अरुंद केली आहे.

आता वयाचा हिशेब मांडू. बहुतेक खेळाडू तेवीस-चोविसाव्या वर्षी वरच्या पातळीवर येतात. सहा वर्षं मिळवली की तिशी आली. फलंदाजाचा बहर साधारण सव्वीस ते एकोणतीस या वयात असतो. तिशीनंतर नजर, मनगट आणि पाय थोडेथोडे मंदावतात. म्हणजे मुक्त खेळाडू विकत घेणारा संघ बहुधा त्याच्या भूतकाळाची किंमत मोजून त्याचा भविष्यकाळ घेत असतो.

सोटो वेगळा ठरला तो इथेच. २०१८च्या मे महिन्यात तो वॉशिंग्टनच्या संघात आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. म्हणून मुक्त झाला तेव्हा फक्त सव्वीस. बहर अजून पुढे असलेला इतक्या तोलाचा फलंदाज बाजारात क्वचितच येतो. वॉशिंग्टननं २०२२ साली देऊ केलेले ४४ कोटी त्यानं नाकारले होते; दोन वर्षांनी शेजारचा यँकीज संघ ७६ कोटींवर येऊन थांबला आणि मेट्स आणखी ५० लाखांनी पुढे गेले. अलोन्सो मात्र विद्यापीठातून आला होता. पहिला सामना खेळला तेव्हा चोवीस वर्षांचा. ओरिओल्सशी करार झाला त्या आठवड्यात तो एकतीस पूर्ण झाला. दोघांच्या किमतीतल्या फरकाचा मोठा भाग या वयाच्या फरकात आहे.

वीजबिलासारखा कर

खर्चाला मर्यादा नाही असं वर म्हटलं, पण लगाम आहे. त्याला लोक ‘लक्झरी टॅक्स’ म्हणतात. आपलं वीजबिल जसं टप्प्याटप्प्यानं महागतं, पहिल्या युनिटांचा दर एक आणि पुढच्या युनिटांचा त्याहून जास्त, तसाच हा कर आहे. २०२५ साली पहिली पायरी होती २४ कोटी १० लाख डॉलरची. संघाचा एकूण पगार त्यावर गेला की वरच्या रकमेवर कर. पहिल्यांदा ओलांडली तर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षापासून ५०. त्यावर आणखी तीन पायऱ्या आहेत, प्रत्येक दोन कोटींच्या अंतरानं, आणि त्यांचा अधिभार वेगळा. सर्वांत वरची पायरी २०२२ साली नव्यानं आली. कोहेन यांचा खर्च पाहून बाकीच्या मालकांनी ती घातली असं सगळे मानतात, आणि बोलण्यात तिला ‘कोहेन टॅक्स’च म्हणतात.

मेट्स या वरच्या पायरीवर वर्षानुवर्षं उभे आहेत. तिथे दर ११० टक्के. म्हणजे या संघानं आणखी एक कोटीचा खेळाडू घेतला तर त्याला एक कोटी पगार आणि वर एक कोटी दहा लाख कर. जो खेळाडू बाल्टिमोरला एका कोटीत पडतो तो न्यूयॉर्कला दोन कोटी दहा लाखांत पडतो. २०२५ साली मेट्सनं ९ कोटींहून अधिक नुसता कर भरला. लॉस एंजेलिस डॉजर्सनं सुमारे १६ कोटी ९० लाख. कित्येक संघांचा सगळा पगारही एवढा नसतो.

या कराची एक खुबी नीट लक्षात घ्यावी लागते. खेळाडूला त्या वर्षी हातात किती मिळाले हे मोजलं जात नाही. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, ही सरासरी मोजली जाते. बारा कोटी तीन वर्षांत द्यायचे तर दरसाल चार कोटी धरले जातात, सहा वर्षांत द्यायचे तर दोन. म्हणून संघांना वर्षं वाढवण्याचा मोह होतो. आजचा कर कमी होतो, आणि खेळाडूलाही म्हातारपणाची हमी मिळते. किंमत नंतर चुकवावी लागते, तो छत्तिशीत बाकावर बसलेला असताना.

भिशीचा शेवटचा नंबर

याच हिशेबातला सर्वांत गाजलेला करार शोहेई ओतानीचा. २०२३च्या डिसेंबरात डॉजर्सनं त्याला दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलर कबूल केले. पण दहा वर्षं तो दरसाल घेणार फक्त २० लाख. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, दरसाल ६ कोटी ८० लाख, बिनव्याजी.

भिशी लावणाऱ्या कोणालाही हे चटकन कळेल. पहिल्या महिन्यात भिशी उचलणाऱ्याला आणि शेवटच्या महिन्यात उचलणाऱ्याला आकडा एकच मिळतो, पण दोघांच्या हातातल्या पैशाची किंमत एक नसते. उशिरा येणारा पैसा आज कमी मोलाचा. करासाठी ही घट धरली जाते, म्हणून ओतानीच्या करारावर दरसाल ७ कोटी नव्हे तर सुमारे ४ कोटी ६० लाख मोजले जातात. उरलेल्या जागेत डॉजर्सना आणखी खेळाडू बसवता येतात. पुढची दोन्ही वर्षं, २०२४ आणि २०२५, त्यांनीच वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, जिंकली.

मेट्सच्या चाहत्यांना उशिरा द्यायचा पैसा म्हटलं की वेगळंच नाव आठवतं. बॉबी बोनिया १९९९ साली मेट्सकडून खेळला आणि नकोसा झाला. त्याचे ५९ लाख डॉलर द्यायचे होते. २००० साली असं ठरलं की आत्ता काहीच द्यायचं नाही. ८ टक्के व्याजानं रक्कम वाढू द्यायची आणि २०११ पासून पंचवीस वर्षं हप्त्यानं फेडायची. ५९ लाख दहा वर्षांत ८ टक्क्यांनी सव्वा कोटीच्या वर जातात, आणि ते व्याजासकट पंचवीस हप्त्यांत वाटले की हप्ता येतो ११ लाख ९३ हजार. दर १ जुलैला बोनियाला तेवढे मिळतात, २०३५ पर्यंत मिळत राहतील. तेव्हा तो बहात्तर वर्षांचा असेल. हा करार करणाऱ्या मालकांचा बराच पैसा बर्नार्ड मॅडॉफ या गुंतवणूकदाराकडे गुंतवलेला होता आणि तिथे ८ टक्क्यांहून जास्त सुटतील असा त्यांचा होरा होता. २००८च्या डिसेंबरात मॅडॉफची सगळी गुंतवणूक बनावट निघाली.

लोक या कराराला मूर्खपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याच हिवाळ्यात मेट्सनं माइक हॅम्प्टन हा पिचर आणला, आणि २००० साली ते वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले. हॅम्प्टन वर्षभरात मुक्त होऊन कोलोरॅडोला गेला, त्याची भरपाई म्हणून मेट्सना नव्या मुलांच्या निवडीत एक जादा संधी मिळाली. तिच्यावर त्यांनी अठरा वर्षांचा डेव्हिड राइट निवडला. तो पुढे संघाचा कर्णधार झाला. मेट्ससाठी त्याच्याइतक्या वेळा आजवर कोणीही चेंडू यशस्वी टोलावलेला नाही, आणि २०२५च्या जुलैत त्याचा पाच नंबर संघानं कायमचा राखून ठेवला.

पण राइटचीच कहाणी पुढे वाचली की वर्षांची दुसरी बाजू दिसते. २०१२च्या डिसेंबरात संघानं त्याला २०२० पर्यंतचा करार दिला. शहरभर आनंद झाला. मग पाठीच्या मणक्यानं दगा दिला. २०१५ साली ३८ सामने, २०१६ साली ३७, २०१७ साली एकही नाही, आणि २०१८ साली निरोपाचे दोन. चूक कोणाचीच नव्हती. शरीर करार वाचत नाही.

┌─────────────
चौकट : हिवाळ्यातली बातमी कशी वाचावी

बातमीत आधी एकूण रक्कम दिसते. तिला वर्षांनी भागा. पैसा पुढे ढकललेला नसेल तर करासाठी तोच आकडा धरतात. मग खेळाडूचं आजचं वय घ्या, त्यात कराराची वर्षं मिळवा, आणि शेवटच्या वर्षी तो किती वर्षांचा असेल ते पाहा. पैसा पुढे ढकललेला आहे का, आणि खेळाडूला मध्येच करार सोडून पुन्हा बाजारात जाण्याची मुभा आहे का, ते शोधा. अदलाबदल असेल तर आलेल्या आणि गेलेल्या मुलांची मुक्त होण्याआधीची किती वर्षं शिल्लक आहेत ते विचारा. तरुण खेळाडूची खरी किंमत त्या शिल्लक वर्षांत असते.
└─────────────

एका विजयाचं मोल

चाहत्यांच्या वादात आणखी एक गोष्ट बहुतेकदा सुटते. सगळे विजय सारख्या किमतीचे नसतात. सत्तर सामने जिंकणाऱ्या संघानं पैसा ओतून पंचाहत्तर जिंकले तर काहीच बदलत नाही. दोन्हीकडे ऑक्टोबरात घरी बसायचं. पंच्याऐंशीवरून नव्वदवर गेलं तर बाद फेरीचं दार उघडतं. म्हणून जिंकण्याच्या उंबरठ्यावरच्या संघानं म्हातारा तारा घेणं शहाणपणाचं ठरू शकतं, आणि तोच तारा तळातल्या संघाला उपयोगाचा नसतो.

२०२५ साली मेट्स जूनच्या मध्यापर्यंत सगळ्या लीगमध्ये अव्वल होते. नंतर घसरत गेले आणि ८३ विजयांवर थांबले. सिनसिनाटीचेही ८३. आपसांतल्या सामन्यांत सिनसिनाटी सरस, म्हणून ते पुढे गेले. सोटोनं ४३ होमरन मारले, अलोन्सोनं ३८, आणि तरीही एका विजयानं सगळं गेलं. त्याच वर्षी मिलवॉकी ब्रूअर्सनं मेट्सच्या निम्म्याहून कमी पगारात ९७ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वांत जास्त. त्यांच्याकडे अजून स्वस्त वर्षांतच असलेली बरीच मुलं होती. बाद फेरीत मात्र डॉजर्सनं त्यांना सलग चार सामन्यांत हरवलं.

म्हणजे पैसा हरतो की जिंकतो? एवढंच म्हणता येईल की पैशानं चुकीची भरपाई होते. मिलवॉकीला मोठी चूक परवडत नाही, डॉजर्सना परवडते.

मेट्सनं काय केलं

२०२३ साली मेट्सनं मिलवॉकीच्या उलट वाट धरली होती. वर सांगितलेला व्हरलँडर आणि एकोणचाळिशीला टेकलेला मॅक्स शर्झर, दोघांनाही दरसाल ४ कोटी ३३ लाख. शेवटी ७५ विजय, ८७ पराभव, आणि १० कोटींच्या वर कर. उन्हाळ्यातच संघानं हार मान्य केली. शर्झर टेक्सासला दिला, व्हरलँडर ह्यूस्टनला. पण एक महत्त्वाची गोष्ट केली: दोघांच्या उरलेल्या पगाराचा मोठा भाग मेट्सनंच भरला, आणि बदल्यात चांगली तरुण मुलं मागितली. टेक्सासकडून लुइसअँजेल अकुन्या आला. खरं तर हे पैसे देऊन स्वस्त वर्षं विकत घेणं होतं. नियमानं ती थेट विकत घेता येत नाहीत, म्हणून अशी वाट.

त्या हंगामानंतर कोहेन यांनी डेव्हिड स्टर्न्स यांना आणलं. ते न्यूयॉर्कमध्येच मेट्सचे चाहते म्हणून वाढले, आणि आधी त्याच मिलवॉकी संघाचा कारभार पाहत होते. २०२५-२६च्या हिवाळ्यात त्यांनी जे केलं त्यानं चाहते दुखावले. अलोन्सो गेला. शेवटचा डाव सांभाळणारा एडविन डियाझ तीन वर्षांसाठी डॉजर्सकडे गेला. २०११ पासून संघात असलेला ब्रँडन निम्मो टेक्सासला दिला. एका महिन्यात शर्टांवरची तीन प्रेमाची नावं पुसली गेली.

मग जानेवारीत बो बिशेट आला. सत्तावीस वर्षांचा, तीन वर्षं, १२ कोटी ६० लाख. अलोन्सोपेक्षा एकूण रक्कम कमी, पण दरसाल ४ कोटी २० लाख. अलोन्सोचे दरसाल ३ कोटी १० लाख होते. त्याआधी होर्हे पोलांको, दोन वर्षं, ४ कोटी. आणि टेक्सासहून आलेला तो अकुन्या शिकागोला देऊन लुइस रॉबर्ट हा खेळाडू आणला.

इथे भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. मेट्सनं पैसा वाचवला नाही. बिशेटचे दरसाल चार कोटी वीस लाख ११० टक्के करासकट जवळजवळ नऊ कोटींना पडतात. त्यांनी वाचवली ती वर्षं. अलोन्सोला पाच हवी होती, म्हणजे पस्तिशी उलटेपर्यंत. इतकी वर्षं द्यायची त्यांची तयारी नव्हती. डॉलर भरपूर असलेल्या मालकाला डॉलर स्वस्त वाटतात; संघातली जागा आणि येणारा हंगाम मात्र त्यालाही विकत मिळत नाही.

हे पटलं तरी मी स्टर्न्स यांच्याशी पूर्ण सहमत नाही. बेसबॉल रोज खेळला जातो. उन्हाळ्याच्या प्रत्येक संध्याकाळी तोच माणूस तिथे उभा असणं, दोन वर्षं एकही दिवस न चुकवता, याची किंमत कोणत्याही तक्त्यात नीट बसत नाही. फक्त खेळाडूंची उपयुक्त वर्षं मोजणाऱ्यानं, लहान मूल पहिला शर्ट कोणाच्या नावाचा घेतं तेही मोजावं. तिकिटं पुढची चाळीस वर्षं तेच मूल काढणार असतं.

आणि हा वाद लवकरच मोठा होणार आहे. मालक आणि खेळाडू यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ला संपतो. आयपीएलसारखी थैली बांधावी असं काही मालक उघड म्हणू लागले आहेत; संघटनेला ते मान्य नाही. १९९४ साली याच मुद्द्यावर संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली होती.

फेब्रुवारीत भावाचा फोन आला. फ्लोरिडातल्या पोर्ट सेंट लुसीला मेट्सचा सराव सुरू झाला होता. भाच्याला मी फोनवरच हे सगळं सांगितलं, सालगड्यापासून. त्यानं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “आत्या, सोटोचा करार कधी संपतो?”

“२०३९.”

पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. तो मोजत होता. “तेव्हा मी पंचवीस वर्षांचा असेन,” तो म्हणाला. “आणि सोटो चाळीस.”